मिश्र विद्रावक व औषधांची विद्राव्यता

लहान मुलास ताप आला म्हणजे घरोघर पॅरासिटॅमॉलची बाटली काढली जाते. चमचाभर औषध मुलाच्या तोंडात घालणाऱ्या आईच्या मनात मात्रेचा विचार असतो, पण त्या चमच्यातील औषध कशात विरघळले आहे हा विचार सहसा नसतो. पाण्यात, असेच आपण गृहीत धरून चालतो. परंतु हे गृहीत बहुधा चुकीचे ठरते. पॅरासिटॅमॉल हा सेंद्रिय पदार्थ आहे, आणि बहुतेक सेंद्रिय औषधांप्रमाणे त्याचेही पाण्याशी फारसे सख्य नाही. त्याचा एक भाग विरघळविण्यास पाण्याचे सुमारे ७० भाग लागतात. आता हिशेब करून पाहू. नेहमीच्या मात्रेत पाच मिलिलिटर औषधात १२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल असावे लागते, म्हणजे दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम. पाणी मात्र २५ अंश सेल्सिअस तापमानास दर मिलिलिटरला चौदा-पंधरा मिलिग्रॅमच सामावून घेते. उरलेले दहा मिलिग्रॅम कोठे जावयाचे? ते विरघळविण्यासाठी पाण्यात दुसरा एखादा द्रव मिसळावा लागतो. अशा द्रवास सहविद्रावक म्हणतात, आणि दोहोंच्या मिश्रणास मिश्र विद्रावक.

ही युक्ती नवी नाही. आपल्याकडील आसवे व अरिष्टे पाहावीत. वनस्पतींचा काढा आंबविला जात असता त्यातच साधारणतः पाच ते दहा टक्के अल्कोहोल तयार होते, आणि निव्वळ पाण्यात न उतरणारे काही घटक त्या मिश्रणात उतरतात. वैद्यांनी हे अनुभवाने साधले. टिंक्चर आयोडीन हेही याच जातीचे. उलट क्रिया पाहावयाची असल्यास कापूर अल्कोहोलमध्ये विरघळवून त्या स्वच्छ विद्रावात पाणी ओतावे. विद्राव तत्काळ दुधासारखा पांढरा होतो, कारण पाणी वाढताच मिश्रणाची कापूर धरून ठेवण्याची शक्ती ढासळते. ती किती ढासळेल, आणि पाण्याच्या कोणत्या प्रमाणास कापूर बाहेर पडू लागेल, हे आधी सांगता येईल काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

विरघळणे आणि वितळणे

मराठीत या दोन शब्दांची पुष्कळदा गल्लत होते. मीठ पाण्यात वितळले असे बोलण्यात येते, आणि शालेय पुस्तकांतून शिक्षक ते खोडून ‘विरघळले’ असे लिहावयास लावतात. ते योग्यच आहे, कारण बर्फ वितळतो तो उष्णतेने, साखर विरघळते ती द्रवाच्या संगतीने. तरीही भाषेतील या गल्लतीत थोडे तथ्य दडलेले आहे, असे रसायनशास्त्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. घन पदार्थ विरघळतो तेव्हा दोन गोष्टी घडाव्या लागतात. प्रथम स्फटिकातील रेणूंची घट्ट मांडणी मोडली पाहिजे, आणि नंतर सुटे झालेले रेणू द्रवाच्या रेणूंत मिसळले पाहिजेत. यांपैकी पहिली पायरी म्हणजे एक प्रकारचे वितळणेच होय. म्हणूनच ज्या स्फटिकाचा वितळबिंदू उंच, तो विरघळण्यासही सामान्यतः नाखूश असतो. पॅरासिटॅमॉल सुमारे १७० अंशांस वितळते. त्याचे रेणू एकमेकांस चांगलेच जखडून बसलेले असतात, हे यावरून कळून येईल.

पहिल्या पायरीचा खर्च विद्रावक कोणताही असला तरी तेवढाच येतो. फरक पडतो तो दुसऱ्या पायरीत. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांना धरून असतात. परक्या रेणूला आत शिरावयाचे तर त्याने हे बंध तोडून जागा केली पाहिजे, आणि मोडलेल्या बंधांची भरपाई स्वतःच्या आकर्षणाने केली पाहिजे. पॅरासिटॅमॉलच्या रेणूला पाण्याशी बंध जोडणारे दोन गट आहेत, परंतु त्यांच्यामध्ये बेंझिनचे कडे आहे, आणि त्या कड्याला पाण्याला देण्यासारखे काही नाही. परिणामी पाणी त्याला अर्धवटच स्वीकारते. अल्कोहोलच्या रेणूला एका बाजूस पाण्यासारखे टोक आणि दुसऱ्या बाजूस तेलासारखी शेपटी असल्यामुळे तो पॅरासिटॅमॉलच्या दोन्ही अंगांशी जुळवून घेतो. एका भागास अल्कोहोलचे सात भाग पुरतात. प्रोपिलीन ग्लायकॉलचे सुमारे नऊ, ॲसिटोनचे तेरा, ग्लिसरिनचे मात्र चाळीस.

‘समान समानास विरघळविते’ हा रसायनज्ञांचा जुना नियम. तो खरा असला तरी मोजमापाच्या कामी येत नाही, कारण समान म्हणजे किती समान, हे त्यातून कळत नाही. या नियमाला आकड्यांचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकन रसायनज्ञ जोएल हिल्डेब्रँड (१८८१–१९८३) यांना आहे. द्रवाचे रेणू परस्परांना किती बळाने धरून आहेत हे त्याच्या बाष्पीभवनास लागणाऱ्या उष्णतेवरून काढता येते. त्यावरून प्रत्येक द्रवाला एक अंक देता येतो, आणि ज्या दोन पदार्थांचे अंक जवळजवळ, ते परस्परांत अधिक मिसळणार. जुन्या एककांत हा अंक ॲसिटोनचा सुमारे १०, अल्कोहोलचा सुमारे १३ आणि पाण्याचा २३ च्या वर येतो. हिल्डेब्रँड यांचा सिद्धांत तेलकट, अध्रुवीय पदार्थांसाठी रचलेला होता. पाण्यासारख्या हट्टी द्रवाला तो लावणे म्हणजे अंगापेक्षा आखूड अंगरखा चढविण्यासारखे आहे. तरी त्यावरून एक चमत्कारिक गोष्ट मात्र नीट उमगते. पॅरासिटॅमॉल ॲसिटोनमध्ये बऱ्यापैकी व पाण्यात बेताचेच विरघळते, परंतु ॲसिटोनच्या तीन भागांस पाण्याचा एक भाग अशा सुमाराच्या मिश्रणात ते निव्वळ ॲसिटोनपेक्षाही अधिक विरघळते. दहा आणि तेवीस यांच्यामध्ये, तेराच्या आसपास, मिश्रणाचा अंक पदार्थाच्या जवळ जातो, असे त्याचे स्थूल स्पष्टीकरण देता येईल. एक बरा आणि एक वाईट विद्रावक मिळून दोघांहून सरस विद्रावक तयार होतो. व्यवहारात असे जुळून आल्याची उदाहरणे थोडी, पण रसायनशास्त्रात ती बरीच आहेत.

मोजणी

अंदाज कितीही चांगला असला तरी तो मोजून पडताळावा लागतो. विद्राव्यता मोजण्याची रीत ऐकण्यास फार सोपी आहे. काचेच्या कुपीत ठरलेल्या प्रमाणाचे मिश्र विद्रावक घ्यावे, त्यात विरघळेल त्याहून अधिक चूर्ण घालावे, कुपी घट्ट बंद करून स्थिर तापमानाच्या पाण्यात हालवीत ठेवावी, आणि वरचा द्रव गाळून त्यात पदार्थ किती उतरला ते पाहावे. वर्णन एवढ्यावर संपते. पण सगळ्या अडचणी येथूनच सुरू होतात.

पहिली अडचण वेळेची. आर्थर नॉइस व विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्येच दाखवून दिले की विद्राव संपृक्ततेच्या जितका जवळ येतो तितका विरघळण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे शेवटचा टप्पा फार रेंगाळतो. एक दिवस ते तीन दिवस हालविणे ही साधारण प्रथा आहे, परंतु प्रथेवर विसंबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी येऊन पाहणे हा खरा मार्ग. एक कुपी नेहमीप्रमाणे ठेवावी. दुसरी आधी तापवून तीत अधिक पदार्थ विरघळू द्यावा, आणि मग ती त्याच कुंडात ठेवून जादा पदार्थ बाहेर पडू द्यावा. दोन्हींचे आकडे एक झाले तरच समतोल साधला असे समजावे.

दुसरी अडचण तापमानाची. जगभरच्या तक्त्यांत २५ अंश हे तापमान जणू निसर्गानेच नेमून दिले असावे अशा थाटात वावरते. थंड देशांतील उबदार प्रयोगशाळांना ते सोयीचे पडले असेल. दिल्लीत मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर पारा असताना २५ अंशांचे कुंड राखणे म्हणजे पाणी तापविणे नव्हे, तर ते अहोरात्र थंड करीत राहणे होय, आणि तेही अंशाच्या दशांशाइतक्या काटेकोरपणे. हा काटेकोरपणा का हवा हे पुढील आकड्यांवरून दिसेल. एक किलोग्रॅम पाण्यात पॅरासिटॅमॉल ५ अंशांस सुमारे ८ ग्रॅम, २५ अंशांस सुमारे १५ ग्रॅम व ३० अंशांस सुमारे १७ ग्रॅम विरघळते. एका अंशाच्या चुकीने आकडा तीन टक्क्यांनी बिघडतो.

मिश्र विद्रावकांत आणखी एक खोच असते. पन्नास मिलिलिटर पाण्यात पन्नास मिलिलिटर अल्कोहोल ओतले तर शंभर मिलिलिटर होत नाही, सुमारे ९६ ते ९७ मिलिलिटरच भरते. रेणू परस्परांच्या पोकळ्यांत दाटीने बसतात. तेव्हा ‘निम्मे अल्कोहोल’ म्हणजे आकारमानाने की वजनाने, मिसळण्यापूर्वीचे की नंतरचे, हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी ठरतो. अशा निरुपयोगी आकड्यांची शास्त्रीय नियतकालिकांत वाण नाही, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही.

गाळण्याच्या वेळी गाळणी जर कुपीपेक्षा थंड असेल तर पदार्थ तिच्यातच स्फटिकरूपाने अडकतो. अल्कोहोल वा ॲसिटोन उडून गेले तर मिश्रणाचे प्रमाणच पालटते. गाळणीचा कागद स्वतःही थोडा पदार्थ शोषतो, म्हणून पहिले थेंब टाकून द्यावे लागतात. शेवटी तळाशी उरलेला घन पदार्थही तपासावा लागतो. पॅरासिटॅमॉलचे स्फटिक एकाहून अधिक रचनांचे असतात आणि त्यांची विद्राव्यता सारखी नसते. हालविता हालविता एका रचनेची दुसरी झाली तर आपण मोजले काय, हाच प्रश्न उभा राहतो.

गाळून घेतलेला विद्राव पुष्कळ पातळ करून त्यावर जंबुपार प्रकाश टाकतात. पॅरासिटॅमॉल सुमारे २४३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते. शोषण किती झाले यावरून पदार्थ किती, हे ठरते. अशा रीतीने एका मिश्रणाचा, एका तापमानाचा एक आकडा हाती येतो. अकरा मिश्रणे, पाच तापमाने व प्रत्येकी तीन आवृत्त्या असा साधा कार्यक्रम आखला तरी १६५ कुप्या भराव्या लागतात. मग दुसरा सहविद्रावक घ्यावा, तिसरा घ्यावा. ही यादी संपण्यासारखी नाही. म्हणून गणिताचा आश्रय घ्यावा लागतो.

चक्रवाढीचा नियम

समजा, पाणी व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे निम्मेनिम्म मिश्रण केले. पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे १४ मिलिग्रॅम, ग्लायकॉलमध्ये सुमारे १११ मिलिग्रॅम. मिश्रणात किती? दोहोंची सरासरी, म्हणजे ६३, असे उत्तर प्रथम सुचते. ते चूक आहे. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ सॅम्युएल याल्कोव्स्की यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये, बेंझोकेन ज्या कुळातील आहे त्या बधिरकारक द्रव्यांवर नेमक्या याच दोन विद्रावकांच्या मिश्रणात काम करून जो नियम मांडला तो असा: सहविद्रावकाचे प्रमाण समान पायऱ्यांनी वाढविले असता विद्राव्यता समान बेरजांनी वाढत नाही, ती समान पटींनी वाढते. गणिताच्या भाषेत, विद्राव्यतेचा लॉगरिथम हा सहविद्रावकाच्या आकारमानी प्रमाणाशी सरळ रेषेत बदलतो. सावकाराच्या भाषेत, हे सरळव्याज नसून चक्रवाढ व्याज आहे.

आपल्या उदाहरणात ग्लायकॉलची शक्ती पाण्याच्या सुमारे ७.८ पट आहे. ही वाढ दहा समान पायऱ्यांत वाटली तर दर दहा टक्क्यांस विद्राव्यता १.२३ पट होते. तेव्हा दहा टक्के ग्लायकॉलमध्ये सुमारे १७.५ मिलिग्रॅम, वीस टक्क्यांत २१.५, तीस टक्क्यांत २६.५ आणि पन्नास टक्क्यांत ४०. आपल्याला हवे असलेले २५ मिलिग्रॅम सुमारे २७ टक्के ग्लायकॉलमध्ये मावतात. दोन टोकांचे दोन आकडे मोजले की मधले सर्व आकडे कागदावर काढता येतात. एवढ्या थोड्या भांडवलावर इतके देणारा नियम विरळाच.

अर्थात तो तंतोतंत पाळला जात नाही. सरळ रेषा जेथे असावयास हवी तेथे वक्र दिसतो. काही पदार्थांच्या बाबतीत तो रेषेच्या खाली लोंबतो, तर काहींच्या बाबतीत वर फुगतो, आणि वर सांगितलेल्या ॲसिटोनच्या उदाहरणात तर त्याला मधोमध शिखरच असते. दोन विद्रावक परस्परांशी जी गुंतागुंत करतात ती सरळ रेषेत येत नाही. या विचलनासाठी अमेरिकेचे विल्यम अक्री व इराणमधील तब्रिझ येथील अबोलघासेम जुयबान यांच्या नावांनी ओळखले जाणारे समीकरण आज फार वापरात आहे. त्यात याल्कोव्स्कींच्या सरळ रेषेला आणखी एक पद जोडलेले असते. त्या पदात दोन्ही विद्रावकांच्या प्रमाणांचा गुणाकार येतो. अर्थातच दोहोंपैकी एकच विद्रावक असेल तेव्हा ते पद शून्य होते, आणि मिश्रण निम्म्याच्या सुमारास असेल तेव्हा त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. ते तापमानानेही भागलेले असते, त्यामुळे एकाच समीकरणातून निरनिराळ्या तापमानांचे आकडे मिळतात. त्यातील दोन-तीन स्थिरांक मात्र प्रयोगानेच ठरवावे लागतात. प्रयोगाशिवाय, केवळ रेणूच्या रचनेवरून विद्राव्यता सांगू पाहणाऱ्या पद्धतीही आहेत. १९७५ मध्ये पुढे आलेली एक पद्धत रेणूचे लहान गट पाडून त्यांची बेरीज करते, तर अलीकडे संगणकाला हजारो मोजलेले आकडे शिकवून नवे अनुमान काढविले जाते. दिशा दाखविण्यास त्या उपयोगी पडतात. बाटली भरण्यापूर्वी मात्र कुपी हालवून पाहण्यास अजून पर्याय नाही.

हिवाळ्यातील बाटली

वरील २७ टक्क्यांचा हिशेब कागदावर बिनचूक आहे. तोच बाटलीत उतरविला तर काय होईल ते पाहू. हा विद्राव २५ अंशांस काठोकाठ संपृक्त आहे. दिल्लीच्या जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि शेकोटी नसलेल्या खोलीतील फळीवरची बाटलीही बरीच थंड होते. पाण्यातील विद्राव्यता २५ अंशांवरून ५ अंशांवर येताना जवळजवळ निम्मी होते. मिश्रणातही साधारण तेच प्रमाण धरले तर दर मिलिलिटरला चौदा मिलिग्रॅमच विरघळलेले राहील, आणि ६० मिलिलिटरच्या बाटलीतील दीड ग्रॅम औषधापैकी सुमारे दोन-तृतीयांश ग्रॅम स्फटिक होऊन तळाशी बसेल. स्फटिक नेहमीच लगेच पडतात असे नाही, विद्राव पुष्कळदा अतिसंपृक्त स्थितीत टिकून राहतो. परंतु एकदा पडू लागले म्हणजे वरच्या चमच्यांतून मुलास निम्मे औषध मिळते आणि ताप उतरत नाही. तळच्या चमच्यांतून दुप्पट-तिप्पट जाते, आणि पॅरासिटॅमॉलचे आधिक्य यकृतास घातक असते.

मग हिवाळा धरून हिशेब करावा. तसे केल्यास ग्लायकॉलचे प्रमाण २७ वरून ५५ टक्क्यांच्या आसपास न्यावे लागते. आणि येथे निराळाच दरवाजा बंद होतो. प्रोपिलीन ग्लायकॉल हे औषधांत मान्य असलेले द्रव्य असले तरी लहान मुलांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते. युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये एक महिन्याहून मोठ्या व पाच वर्षांहून लहान मुलांसाठी त्याची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅमला ५० मिलिग्रॅम अशी सुचविली. दहा किलोग्रॅम वजनाच्या मुलास ही मर्यादा अर्ध्या ग्रॅमची होते. सत्तावीस टक्क्यांच्या औषधाच्या एका पाच मिलिलिटर मात्रेतच ते सुमारे १.४ ग्रॅम जाते, आणि दिवसातून चार मात्रा दिल्यास साडेपाच ग्रॅमांच्या वर. विद्राव्यतेच्या समीकरणाला यातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून औषध तयार करणारे एकाच सहविद्रावकावर सगळा भार टाकीत नाहीत. थोडे प्रोपिलीन ग्लायकॉल, थोडे ग्लिसरिन, थोडे सॉर्बिटॉल असा मेळ घालतात. किंवा विरघळविण्याचा नाद सोडून चूर्ण बारीक करून दाट द्रवात तरंगत ठेवतात. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे औषध तर निव्वळ पाणी-ग्लायकॉलात विरघळविण्यास साठ टक्क्यांच्या वर ग्लायकॉल लागेल. अशा बाटलीवर ‘सस्पेन्शन’ असे छापलेले असते, आणि ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ ही सूचना तेथे शोभेची नसते.

गुरगाव, १९९८

दिल्लीच्या दोन रुग्णालयांत १ एप्रिल ते ९ जून १९९८ या काळात दोन महिने ते सहा वर्षे वयाची ३६ मुले मूत्रपिंडे एकाएकी निकामी झालेल्या अवस्थेत दाखल झाली. त्यांपैकी २६ मुले हरियाणातील गुरगाव जिल्ह्यातील होती, वा किरकोळ आजारावर उपचारासाठी गुरगावला जाऊन आलेली होती. (त्या शहराचे नाव २०१६ पासून गुरुग्राम झाले आहे.) ताप, खोकला, जुलाब असे साधे दुखणे, खासगी डॉक्टरांनी दिलेले कोणते तरी औषध, आणि मग लघवी बंद. प्रथम पाण्याचा संशय आला. पिण्याचे व कूपनलिकेचे पाणी तपासण्यात आले, घरोघरी जाऊन चौकशी झाली. मूत्रपिंडाचा तुकडा तपासला तेव्हा त्यातील सूक्ष्म नलिका मृत झाल्याचे दिसले. शेवटी गुरगावातच तयार झालेल्या एका खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, ते आकारमानाने १७.५ टक्के. त्याच उत्पादकाच्या पॅरासिटॅमॉलच्या नमुन्यात मात्र ते आढळले नाही. पोटातील द्रव्यविनिमय व इतर उपचार करूनही ३३ मुले दगावल्याची नोंद आहे.

डायएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य औषधात कसे शिरते हे समजण्यास विद्राव्यतेचेच शास्त्र उपयोगी पडते. ते रंगहीन, दाटसर, गोडसर, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळणारे आणि सेंद्रिय पदार्थ उत्तम विरघळविणारे असे आहे. ग्लिसरिन व प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे वर्णन करावयाचे झाले तरी हेच शब्द वापरावे लागतील. कारखानदारीत ते शीतक म्हणून व इतर कामी लागते, आणि औषधी दर्जाच्या ग्लिसरिनहून स्वस्त मिळते. त्यात विरघळविलेल्या औषधाची कुपी हालविली, गाळली, प्रकाशात मोजली तर आकडा चांगलाच येईल. शरीरात मात्र त्याचे ऑक्सिडीभवन होऊन डायग्लायकॉलिक आम्ल बनते, आणि ते मूत्रपिंडाच्या नलिकांत साचून त्यांचा नाश करते.

जगाने हे प्रथम १९३७ मध्ये पाहिले. सल्फानिलामाइड हे त्या काळचे नवे, गुणकारी औषध पाण्यात नीट विरघळत नव्हते. अमेरिकेतील एका कंपनीच्या रसायनज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले. त्या औषधात हे विद्रावक ७२ टक्के होते. चव, रंग, वास यांची परीक्षा झाली, विषारीपणाची झाली नाही. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत पुष्कळ लहान मुले होती, आणि १९३८ मध्ये अमेरिकेला औषधांचा नवा कायदा करावा लागला. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण भेसळीच्या ग्लिसरिनने दगावले. त्या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती लेंटिन आयोग महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियात सापडलेल्या, हरियाणात तयार झालेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. उत्पादकाकडील राखीव नमुने निर्दोष निघाल्याचे भारत सरकारने त्यावर सांगितले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या मुलांना खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडाचा विकार झाला. त्यांपैकी कित्येकांना जवळच्या नागपुरात आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले वाचली नाहीत. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. म्हणजे बाटलीतील जवळजवळ निम्मा द्रव.

१९३७ सालची चूक अज्ञानाची होती. त्यानंतरच्यांना ते नाव देता येत नाही, कारण हे विष ओळखण्याची रीत उपलब्ध आहे आणि ती विद्राव्यता मोजण्याहून कितीतरी सोपी आहे. दिल्लीलगत गाझियाबाद येथे भारतीय औषधकोश आयोगाचे कार्यालय व प्रयोगशाळा आहेत. १९५५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला भारतीय औषधकोश आता तेथून निघतो. ग्लिसरिन व प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारख्या द्रवांत डायएथिलीन ग्लायकॉल व त्याचे भावंड एथिलीन ग्लायकॉल यांची मान्य मर्यादा ०.१ टक्का धरली जाते. त्यासाठी वायुवर्णलेखन ही पद्धत वापरतात. द्रवाचा सूक्ष्म थेंब तापवून वायुरूप करतात व लांब, अरुंद नळीतून पाठवितात. प्रोपिलीन ग्लायकॉल, डायएथिलीन ग्लायकॉल व ग्लिसरिन निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात, आणि प्रत्येकाचे शिखर कागदावर वेगळे उमटते. जे तीन द्रव डोळ्यांना, जिभेला आणि विद्राव्यतेच्या कुपीला सारखे दिसले ते येथे काही मिनिटांत अलग होतात. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी भारताने सक्तीची केली. परंतु तयार बाटली तपासणे ही शेवटची चाळणी होय. पहिली चाळणी कारखान्याच्या दारात असते. तेथे विद्रावकाची पिंपे उतरतात, आणि एका पिंपाचा नमुना निर्दोष निघाला म्हणून शेजारच्या पिंपाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा नमुना प्रत्येक पिंपातून, मिश्रण करण्यापूर्वी, घ्यावा लागतो.